सौ. तक्रार निवारण अधिकारी

२ जानेवारी २०२५, गुरुवार

रिटायर होऊन सहा महिने झाले. भेटेल तो विचारतो, आता वेळ कसा जातो? वेळ जाणं ही जणू माझी अडचण आहे. आजपासून उत्तर तयार: धंदा करतो. ऑनलाइन.

माल, थालीपिठाची भाजणी. साइटचं नाव 'भाजणीघर'. आमच्या चिरंजीवांनी, गंधारने, इंग्रजी नावं सुचवली होती. सगळ्यांत स्पेलिंग मुद्दाम चुकवलेलं. याला आयटीत त्यासाठी पगार मिळतो.

भाजणी मी करणार नाही हे उघड आहे. हेमा, म्हणजे आमची सौ., तीही करणार नाही. तिने जन्मभर मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि स्वयंपाक पोटापुरता केला. भाजणी करणार दीपमालाबाई. मूळच्या वाशीमच्या, हल्ली विश्रांतवाडीला असतात. घरीच भाजून दळून देतात. हाताला चव आहे. पण ती चव पुण्यात विकायला पुण्याचं डोकं लागतं, ते सदाशिव पेठेत माझ्याकडे आहे.

संकल्प: रोज डायरी लिहिणे. कोणाशीही वाद न घालणे. दुसरा संकल्प मूर्ख माणसांना लागू नाही.

५ जानेवारी, रविवार

मधले दिवस डायरी राहिली. धंद्यात असं होतं.

गंधार खराडीहून आला. साइट त्यानेच बनवली. साइटच्या अटी मात्र मी लिहिल्या. चौतीस वर्षं विमा कंपनीच्या क्लेम खात्यात काढली आहेत. लोकांचे क्लेम कशाकशाने नामंजूर होतात हे माझ्याइतकं या पेठेत कोणाला माहीत नाही. अटी एकूण चाळीसच्या वर गेल्या. अठरावी: पाकीट उघडल्यास ग्राहक मालाबाबत पूर्ण समाधानी आहे असे समजण्यात येईल. एकोणिसावी: पाकीट न उघडल्यास तक्रारीस काहीही आधार नाही असे समजण्यात येईल. लिहून झाल्यावर मी स्वतःच दोनदा वाचली. जुने दिवस आठवले.

शेवटी एक चौकोन. 'मी कसलीही तक्रार करणार नाही.' त्यात बरोबरची खूण आम्हीच करून ठेवलेली.

गंधार म्हणाला, बाबा, हे चालत नाही. ऑनलाइन विक्रीचे नियम आहेत. आधीच खूण केलेली संमती धरत नाहीत, ग्राहकाने स्वतः करायला हवी. म्हणालो, ग्राहकाचा त्रास वाचवतोय. तो म्हणाला, खराब माल परत घेणार नाही असंही म्हणता येत नाही. मी विचारलं, चौतीस वर्षं कायद्यात कोणी काढली? तो म्हणाला, तुम्ही, पण पलीकडच्या बाजूला. याचा अर्थ काय ते सांगितलं नाही. चहा पिऊन गेला.

६ जानेवारी, सोमवार. सकाळ

नियम स्वतः वाचले. डोळे दुखले. सरकारला कामं नाहीत. साइटवर एक तक्रार निवारण अधिकारी हवा. त्याचं नाव, हुद्दा, संपर्क, सगळं जाहीर करायचं. तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याच्या आत निवारण. क्लेम खात्यात आम्ही महिन्याभरात फाइलीची दोरीसुद्धा सोडत नसू.

अधिकारी कोण? घरात नजर फिरवली. हेमा शब्दकोडं सोडवत होती.

दुपार

नियुक्ती झाली. हेमाला म्हणालो, नुसतं नाव लावायचं आहे, काम काही नाही. तिने विचारलं, अधिकार काय? म्हणालो, काही नाहीत. म्हणाली, मग अधिकारी कशाला म्हणता? लेखी द्या.

नागरिकशास्त्र. जुन्या ऑफिसचा नियुक्तिपत्राचा नमुना कॉम्प्युटरवर होताच. त्यात नाव बदलून प्रिंट काढली आणि सही करून दिली. तिने ती वाचली, परत वाचली, एका फायलीत लावली. अशा हौशी माणसाने पुरवाव्यात.

१३ जानेवारी, सोमवार

साइट सुरू होऊन पाच दिवस. ऑर्डर एक. गंधारची.

फोन पुष्कळ येतात. एका बाईंनी विचारलं, पाव किलोचं पाकीट नाही का? म्हणालो, नाही, अर्धा किलो घ्या आणि निम्मंच खा. फोन ठेवला त्यांनी. गंभीर ग्राहक नव्हत्या. एकाने विचारलं, यात ग्लूटेन असतं का? म्हणालो, आमच्या घरी असलं काही कोणाला झालेलं नाही.

लोकांना खरेदी करायची नसते. बोलायचं असतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

उपाय सापडला. लोक अभिप्राय वाचून माल घेतात. अभिप्राय नसतील तर कोणीतरी सुरुवात करायला हवी. मी केली.

पहिला अभिप्राय: 'सदर भाजणीची थालीपिठे अत्यंत लुसलुशीत झाली असून कुटुंबीयांनी समाधान व्यक्त केले आहे. एक गृहिणी, विश्रांतवाडी.'

दुसरा तरुण पिढीचा हवा म्हणून: 'हाय गाइज. सदर भाजणी एकदम सुपर असून मित्रमंडळींस शिफारस करण्यात येत आहे. एक तरुणी, कोथरूड.'

विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहू नये असा नियम आहे म्हणे. पण मी भासवलेलं नाही. तरुणी असती तर तिने असंच लिहिलं असतं.

२१ जानेवारी, मंगळवार

अभिप्रायांनी काही हललं नाही. वाचणाऱ्यांना मराठी कळत नसावं.

रात्रभर विचार केला, म्हणजे साडेदहापर्यंत. 'भाजणीघर' या नावाला चेहरा नाही. लोकांना भाजणी नको असते, भाजणी करणारी काकू हवी असते. दीपमालाबाईंचा चेहरा लावून पेठेतला माल कसा विकणार? हेमाचा फोटो शोधला. गंधारच्या लग्नातला मिळाला. नऊवारी, नथ, पदराने कपाळ पुसते आहे. त्या वेळी ती कार्यालयाची किल्ली मी कुठे ठेवली यावरून मला बोलत होती. पण मला कापून काढल्यावर फोटोत नुसती माया दिसते.

अप्पा बळवंत चौकात लेबलं छापून घेतली. वर फोटो, खाली 'हेमाकाकूंच्या हातची'.

हेमाला अजून सांगितलं नाही. सरप्राइज. साइटवरही फोटो टाकला नाही, साइट गंधार बघतो. फक्त पाकिटांवर, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर. आमच्या सोसायटीचा ग्रुप सोडून.

२५ जानेवारी, शनिवार

ऑर्डरींचा पाऊस. चेहरा! मी म्हणत होतो.

हेमा सकाळी फिरायला जाते तेव्हा पॅकिंग करतो. माल बाथरूमच्या माळ्यावर, गीझरच्या वर. तिथे ती बघत नाही. जागा उबदार आणि कोरडी. बेस्ट.

आणखी माल आणायला विश्रांतवाडीला गेलो. दीपमालाबाई म्हणाल्या, एवढी एकदम नका नेऊ, थंड जागी ठेवा, नाहीतर खवट होते. यांना माझी गोडाऊनची व्यवस्था काय माहीत. मग म्हणाल्या, पाकिटावर माझं नाव आणि माझ्या अन्न परवान्याचा नंबर घाला, तो नियमच आहे. लेबलवर जागा नाही म्हणालो. त्यावर त्यांचे शब्द: काहून जी, माह्यं नाव लिवलं त कागद फाटते काय?

ब्रँडिंग म्हणजे काय ते त्यांना सविस्तर समजावलं. ऐकत होत्या आणि कढईत धने हलवत होत्या. लक्ष धन्यांकडे जास्त होतं.

२९ जानेवारी, बुधवार

पहिली तक्रार. कोणी अभय, राहणार बाणेर. भाजणीला वास येतो आणि पाकिटावर तारीख नाही. आधी बाणेरला जायचं, मग वासाची तक्रार करायची.

मी उत्तर लिहायला घेतलं. 'आपल्या नाकाची तपासणी करून घ्यावी' इथपर्यंत झालं होतं. तेवढ्यात कळलं की हेमाने पोच देऊन टाकली आहे. तक्रारीचा ईमेल तिच्याच फोनवर येतो, हे मी विसरलो होतो. पोच अशी: आपली तक्रार मिळाली. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. चौकशी करून कळवते.

चौकशी! माझी!

३० जानेवारी, गुरुवार

चौकशी झाली. हेमाने मला डायनिंग टेबलावर समोर बसवून माल कुठला, कधीचा, कुठे ठेवला ते विचारलं. मी म्हणालो, हे व्यापारी गुपित आहे. तिने मला एक पाकीट आणायला सांगितलं. पहिल्या लॉटमधलं, बिनलेबलचं, नेमकं तेच आणलं. तिने उघडून वास घेतला आणि माझ्यासमोर धरलं. मी म्हणालो, अठराव्या अटीप्रमाणे तू आता समाधानी आहेस.

निकाल: पैसे परत करावेत.

म्हणालो, हे ठरवणारी तू कोण? तिने फाइल उघडून नियुक्तिपत्र दाखवलं. 'तक्रारींवर निर्णय देण्याचे पूर्ण अधिकार आपणांस राहतील व आपला निर्णय आस्थापनेवर बंधनकारक असेल.' माझीच सही. जुन्या नमुन्यात हे वाक्य होतं, काढायचं राहिलं. ऑफिसात हे वाक्य कोणी वाचतच नसे.

पैसे परत केले. पहिला आणि शेवटचा अपवाद.

१ फेब्रुवारी, शनिवार

अपवाद आणखी चार.

हेमाने माझ्या अटींची प्रिंट काढून लाल पेनाने तपासली. अठरा आणि एकोणीस यांना एकच कंस घालून शेजारी लिहिलं: परस्परविरोधी, पुन्हा लिहा. चौकोनातली खूण गंधारकडून काढून घेतली. फोनवर दोघं हसत होते. कशाला हसत होते ते विचारलं तर म्हणाली, गोपनीय.

घरात शत्रुपक्षाचं ऑफिस. भाडं नाही, वर चहा मीच करून देतो, कारण अधिकारी कामात असतात.

तरी तिला फोटोचं माहीत नाही. ठीक चाललं आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना हेमा म्हणाली, विश्रांतवाडीच्या गृहिणीला 'सदर' आवडतं वाटतं. मी म्हणालो, तिकडे बोलत असतील. म्हणाली, आणि कोथरूडच्या तरुणीला 'शिफारस करण्यात येत आहे'? म्हणालो, हल्ली मुली शिकतात. म्हणाली, तुम्ही मला लग्नाआधी जे पत्र पाठवलं होतंत त्यात 'सदर स्थळ पसंत असून' असं होतं.

अभिप्राय काढावे लागले. सगळे. म्हणजे खरे कोणते ते वेगळं काढावं लागलं नाही.

माझा छळ चालला आहे. हे कुठेतरी नोंदवून ठेवलं पाहिजे म्हणून इथे नोंदवतो.

९ फेब्रुवारी, रविवार

वाईट दिवस.

सकाळी तक्रार आली. स्पृहा नावाची मुलगी, हेमाची जुनी विद्यार्थिनी, आता येरवड्याला असते. तिने पाकिटाचा फोटो जोडला होता. पत्र हेमाने मला मोठ्याने वाचून दाखवलं. वर्गात मुलींची उत्तरं वाचायची तशा आवाजात.

बाई, हे तुम्हीच का? तुमचा फोटो आणि नाव बघून मी घेतली. आमच्या बाईंची आहे, डोळे झाकून घ्या, असं सांगून बिल्डिंगमधल्या दहा घरांत घ्यायला लावली. निम्मी खवट निघाली. आता लिफ्टमध्ये लोक मला विचारतात, तुमच्या बाई अशाच का? बाई, तुम्हीच आम्हाला सांगायचात, जे आपण केलं नाही त्याखाली आपलं नाव लिहायचं नाही.

मग हेमाने फोनवरचा फोटो मोठा केला. बराच वेळ बघत होती. मी म्हणालो, छान आला आहे, म्हणजे, आली आहेस. तिने विचारलं, हे मला विचारलं का नाहीत? म्हणालो, विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणाली, हो.

एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला उत्तरं सुचतात.

संध्याकाळी निकाल दिला. नाव आणि फोटो आजच्या आज काढा. ज्यांनी घेतली त्या सगळ्यांना खरं काय ते कळवा. मागेल त्याला पैसे परत. आणि जिने केली तिचं नाव परवान्याच्या नंबरासह लेबलवर घाला. मी म्हणालो, धंदा माझा आहे. ती म्हणाली, नाव माझं आहे. म्हणालो, एकतीस वर्षांत नवऱ्याने बायकोचं नाव एकदा वापरलं तर काय बिघडलं? माझ्या मते मुद्दा बिनतोड होता. ती उठून आत गेली.

१० फेब्रुवारी, सोमवार

हेमाने रात्रीतून सगळ्या ग्राहकांना स्वतः ईमेल पाठवले. 'पाकिटावरील भाजणी मी केलेली नाही. ती विश्रांतवाडीच्या श्रीमती दीपमाला यांनी केली आहे. ती खवट झाली ती आमच्या घरी चुकीच्या जागी ठेवल्यामुळे. माझ्या नावामुळे आपली फसवणूक झाली, मला वाईट वाटतं.' खाली सही आणि हुद्दा.

सकाळी बॅग भरून गंधारकडे खराडीला गेली. कधी येणार विचारलं. म्हणाली, बघू.

'बघू' म्हणजे गुरुवारपर्यंत. तिची बॅग लहान होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आली नाही. ट्रॅफिक असेल.

घर शांत. फार बरं वाटतं. टीव्हीचा रिमोट पूर्णवेळ माझ्याकडे. दुपारी खिचडी केली. पहिल्याच वेळी जमली, फक्त डाळ घालायची राहिली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ऑर्डरी बंद. हे अपेक्षित होतं, सत्य सांगितलं की धंदा बसतो. अपेक्षित नव्हतं ते असं: लोकांनी त्या ईमेलवरून दीपमालाबाईंचं नाव घेतलं आणि थेट त्यांच्याकडून भाजणी मागवायला सुरुवात केली. बाणेरच्या त्या नाकाने दोन किलो मागवली.

विश्रांतवाडीला गेलो. माल मागितला. दीपमालाबाई म्हणाल्या, आता नाही पुरत. भिंतीवर नवीन लेबलं लटकवलेली. त्यांचं नाव, परवाना, वजन, तारीख, सगळं. साइट गंधारने करून दिली. माझा मुलगा! आणि खाली तक्रार निवारण अधिकारी: हेमा. विचारलं, ती फुकट करते का हे? दीपमालाबाई म्हणाल्या, नाही जी, बाईंना दर महिन्याला पैसे देते, त्या नाही म्हणत होत्या, मीच ऐकलं नाही.

मी चहा न पिता निघालो. दिला असता तरी प्यायलो नसतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दीपमालाबाईंची गरज काय? भाजणी म्हणजे धान्य भाजणे. नावातच कृती आहे.

मंडईजवळच्या दुकानात गेलो. बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, धने मागितले. दुकानदाराने विचारलं, कोणतं किती? म्हणालो, सारखं सारखं द्या. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कबुतरांना का?

दुसऱ्या दुकानातून घेतलं.

सगळं एकदमच कढईत टाकलं. वेळ वाचतो. धने आधी जळले, बाजरी कच्चीच होती. धूर जिन्यात गेला. वरच्या मजल्यावरच्यांनी बेल वाजवून विचारलं, काकू घरी नाहीत का? हा प्रश्न धुराशी संबंधित नव्हता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हेमा फोन उचलते, पण 'हं', 'बरं', 'ठेवते' एवढंच बोलते. मुद्द्यावर येत नाही. अशा वेळी लेखी व्यवहार उत्तम.

आपण कायदा मानणारे लोक. तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर रीतसर तक्रार केली.

'विषय: सेवा अचानक खंडित झाल्याबाबत. महोदया, तक्रारदार हे आपल्या सेवेचे एकतीस वर्षांपासूनचे लाभार्थी आहेत. सदर सेवेत सकाळचा चहा, दोन वेळचे जेवण, औषधांच्या वेळा, बिले भरणे, नातेवाइकांची लग्नकार्ये लक्षात ठेवणे व तक्रारदाराशी बोलणे या बाबी समाविष्ट आहेत. सदर सेवा दि. १० पासून पूर्वसूचनेशिवाय बंद आहे. परिणामी तक्रारदारास अतोनात मनस्ताप होत आहे. तरी सेवा त्वरित पूर्ववत करावी, ही विनंती.'

'अतोनात' लिहिलं, मग खोडलं, मग परत लिहिलं. वस्तुस्थिती आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पोच आली! 'आपली तक्रार मिळाली. एक महिन्याच्या आत निर्णय कळवण्यात येईल.'

कायदा माझ्या बाजूने आहे. पोच देणं भाग आहे, निवारण करणं भाग आहे. निवारण म्हणजे परत येणं, दुसरं काय असू शकतं? केस सरळ आहे. सेवेतली त्रुटी.

गंधारला फोन करून सांगितलं, आई महिन्याच्या आत येते आहे. तो म्हणाला, बाबा, तुम्ही आईला सॉरी म्हणालात का? म्हणालो, प्रकरण अधिकाऱ्यांपुढे आहे, अशा वेळी पक्षकाराने थेट संपर्क साधणं योग्य नाही.

२ मार्च, रविवार

घर आवरायला घेतलं. माळ्यावरची सगळी भाजणी काढून टाकली. लेबलंही टाकणार होतो. एक ठेवलं. फोटो चांगला आहे म्हणून.

हेमाच्या खुर्चीवर धुण्याचा ढीग होता तो उचलला. कुठे ठेवायचा ते कळलं नाही म्हणून परत तिथेच ठेवला. ती आल्यावर सांगेल.

११ मार्च, मंगळवार

स्मरणपत्र पाठवलं. उत्तर: मुदत संपलेली नाही.

भाषा कोरडी आहे, पण उत्तर तासाभरात आलं. तिलाही घाई झाली असावी. धुळवडीला येईल. तसं गृहीत धरून श्रीखंड आणून ठेवलं.

१५ मार्च, शनिवार

श्रीखंड संपवलं. एकट्याने अर्धा किलो. आजारी पडलो. औषध कुठे असतं ते विचारायला फोन केला. म्हणाली, कपाटात खालच्या कप्प्यात, निळ्या डब्यात, आणि दोन दिवस दूध-दही बंद. पूर्ण तीन वाक्यं बोलली! सेवा अंशतः पूर्ववत झाली असं म्हणायला हरकत नाही. केस जिंकल्यात जमा.

२० मार्च, गुरुवार

निर्णय आला. मुदतीच्या आत. दाढी करून वाचायला बसलो. इथे उतरवून ठेवतो.

'तक्रारदाराचे म्हणणे वाचले. सेवा दि. १० फेब्रुवारीपासून बंद आहे, हे खरे आहे. तथापि तक्रारदार सदर सेवेचे ग्राहक आहेत काय, हा प्रश्न आधी येतो. मोबदला देऊन सेवा घेतो तो ग्राहक. विनामोबदला मिळालेल्या सेवेबद्दल या कायद्याखाली तक्रार करता येत नाही. तक्रारदाराने एकतीस वर्षांत मोबदला म्हणून काही दिल्याचा पुरावा जोडलेला नाही. या कार्यालयाने स्वतः आठवून पाहिले. आठवले नाही. सबब तक्रारदार हे ग्राहक ठरत नाहीत. तक्रार फेटाळण्यात येत आहे.'

तीनदा वाचलं. पळवाट शोधत होतो. माझं आयुष्य नामंजुरीची पत्रं लिहिण्यात गेलं, हजारोंनी लिहिली असतील. इतकं चोख पत्र मला कधी जमलं नाही. कुठे बोट घालायला फट नाही.

पुरावा म्हणून काय जोडता येईल ते आठवत बसलो. घरखर्च दिला, पण तो घराचा. साड्या तिने तिच्या पगारातून घेतल्या. एकदा ती टायफॉइडने झोपून होती तेव्हा मी काय केलं ते आठवायचा प्रयत्न केला. मी ऑफिसला गेलो होतो. संध्याकाळ झाली तरी कागद कोराच. फार एकटं वाटलं. हे खरं आहे, म्हणून लिहितो.

गंधारला फोन लावला. म्हणालो, आईला सांग, निकाल बरोबर आहे. तो म्हणाला, आई इथे शेजारीच बसली आहे, फोन स्पीकरवर आहे, तुम्हीच सांगा.

पलीकडे ती ऐकत होती. मला तिचा श्वास कळतो.

मी फोन ठेवला.

मग गंधारला मेसेज केला, रेंज गेली.